पिठावरची पावलं

सवत मेल्यावर कुणी रडतं का? बेगमपुऱ्यातल्या बायकांना हा प्रश्न पडला होता, कारण भागूबाईची तिरडी उठली तेव्हा चतुराबाई दाराच्या चौकटीला टेकून नुसती उभी होती. डोळ्यात टिपूस नाही, तोंडातून शब्द नाही. बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. "सुटली म्हातारी," एक म्हणाली. "जन्माची कटकट गेली," दुसरी म्हणाली. बोलणाऱ्याचं काय जातंय, जिभेला काय हाड असतंय?

चतुराबाई निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली देवगाव रंगारीला नानासाहेबांची बायको म्हणून आली, तेव्हा चौदा-पंधराची पोर होती. चार-पाच वर्षं झाली तरी कूस उजवेना. सासूनं कन्नड तालुक्यातली भागू बघितली, आणि लग्नात नवरीला हळद लावायला चतुराबाईलाच पुढं केलं. तिनं लावली. अशी कचकचून लावली की भागूच्या गालावर बोटं उठली. पुढं भागूला बद्रीनाथ झाला, नानासाहेबांना एसटीच्या वर्कशॉपात नोकरी लागली, आणि दोघींना घेऊन ते औरंगाबादेत, बेगमपुऱ्यातल्या दोन खोल्यांत राहायला आले. नानासाहेबांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं लोटली होती. बद्रीनाथ वाळूजच्या कंपनीत लागला आणि लग्न करून सिडकोत गेला. उरल्या ह्या दोघी. एकमेकींबरोबर घास गिळायचा नाही आणि एकमेकींशिवाय उतरायचा नाही, अशी त्यांची गत.

भांडण झालं की दोघी अबोला धरायच्या, आणि त्या अबोल्याचीही एक रीत होती. एकमेकींशी बोलायचं नाही. पण भिंतीशी, चुलीशी, रांजणाशी बोलायला मुभा. "अगं भिंती, सांग तिला, भाकरी थंडी व्हायली." "अरे रांजणा, सांग तिला, मला भूक नाय." अबोला सोडायचा कायदाही ठरलेला. जिची चूक तिनं चहा करायचा आणि दुसरीच्या पुढं ठेवायचा. दुसरीनं घोट घेतला की मिटलं. मग काय झालं होतं, कोण काय म्हणालं होतं, त्याचा परत उच्चार करायचा नाही. चाळीस वर्षांच्या आतबाहेरचा संसार त्यांनी ह्या कायद्यावर रेटला होता.

त्या भादव्यात महालक्ष्म्यांच्या जेवणाला देवगावहून माणसं आली होती. चतुराबाईनं कढी केली होती. भागूनं भरल्या पंगतीत एक भुरका मारला आणि म्हणाली, "मोठीच्या हाताला आता चव ऱ्हायली नाय बरं का." सगळे हसले. चतुराबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. पाहुणे गेले, आणि अबोला सुरू झाला.

चूक भागूची. चहा भागूनं करायला पाहिजे होता. पण भागूही काही कमी ताठ्याची नव्हती. महालक्ष्म्या गेल्या, पितरांचा पंधरवडा, पितरपाट लागला, तरी दोघी आपल्या भिंतीशीच बोलत राहिल्या. शेवटी एका दुपारी चतुराबाईचाच जीव कंटाळला. मरू दे ती चूक, असं म्हणत तिनं आलं ठेचून चहा केला. भागू भिंतीकडं तोंड करून गोधडीवर आडवी झाली होती. चतुराबाईनं तिच्या उशाशी कप ठेवला, जरा आपटूनच ठेवला. "अगं भिंती, सांग तिला, चहा ठेवलाय."

भागू हलली नाही. चतुराबाईचं डोकं फिरलं. चूक हिची, चहा मी केला, आणि वर हिचा तोरा बघा! ती सुपात तांदूळ निवडायला घेऊन दाराशी, भागूकडं पाठ करून बसली. चहावर साय धरली, साय सुरकुतली, तरी बया आपली भिंतीकडं तोंड करून. कंपनी सुटल्यावर बद्रीनाथ आईला बघायला आला, त्यानं खांद्याला हात लावला, आणि तेव्हा कळलं.

म्हणजे चतुराबाई अख्खी दुपार एका मेलेल्या बाईवर रुसून बसली होती. आता सांगा, ती रडणार कशी? रडायला आधी भांडण मिटावं लागतं. आणि एकच गोष्ट तिच्या काळजात रुतून बसली. चहा ठेवला तेव्हा भागू गेलेली होती, का होती? होती आणि तिनं चहा नाकारला, असं तर नाही?

देवगावहून जाऊ आली होती, सरूबाई. तिला सगळ्या चालीरीती तोंडपाठ. जिथं जीव गेला तिथं संध्याकाळी दिवा लावायचा, दिव्याभोवती ज्वारीचं पीठ चाळून सारखं पसरायचं, दार ओढून घ्यायचं. सकाळपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही. सकाळी पिठावर ज्याची खूण उमटली असंल, त्याच्या जन्माला जीव गेला असं समजायचं. सरूबाईनं हे सगळं यथासांग केलं. सकाळी दार उघडलं, सगळे वाकून बघायला लागले, आणि सरूबाईनं तोंडावर पदर धरला.

पिठावर बारकी बारकी पावलं होती. चार बोटं आणि एक गादी. दिव्याला वळसा घालून मोरीकडं गेलेली.

"मांजर!" सरूबाई म्हणाली. "अगं आई गं, मांजराच्या जल्माला गेली भागू. मांजर काय उगं होतंय व्हय माणूस? कायतरी ऱ्हायलंय तिचं ह्या घरात. मांजर घर सोडत नसतंय."

"मोरीतनं शिरलं असंल एखादं, काकू," बद्रीनाथ म्हणाला.

"तू गप. पीठ खोटं बोलतंय का?"

सगळ्यांनी वळून चतुराबाईकडं बघितलं. काय राहिलंय ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तेरावं झालं, माणसं पांगली. बद्रीनाथ म्हणाला, "मोठी आई, चल सिडकोत. इथं एकटी काय करतीस?"

"भागूला एकटी टाकून येऊ?"

त्याचीही आई गेली होती. त्याचे डोळे भरून आले आणि तो चप्पल घालून निघाला.

मग ते घर चतुराबाईच्या अंगावर यायला लागलं. ती दोन ताटं घ्यायची, मग जीभ चावून एक परत ठेवायची. भाकरी थापताना पाठीमागं कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं, आणि मागं वळून बघायची छाती व्हायची नाही. ती कोपऱ्यातली भिंत तर तिला बघवेना. भिंतीशी बोलायची एवढ्या वर्षांची सवय, पण आता तोंड उघडलं तर उलटून कोण बोलंल, ह्याची धास्ती.

आणि एका दिवेलागणीला जमिनीखालून आवाज आला.

बेगमपुऱ्याखालून जुन्या काळची नहर, जमिनीखालचा पाण्याचा पाट, गेलेली आहे. चतुराबाईच्या घरामागं त्या नहरीचा बंबा उभा होता, विटाचुन्याचा, माणसापेक्षा उंच. पूर्वी त्यातून पाणी वर चढायचं. नहरीची ती शाखा कधीच कोरडी पडली होती आणि बंब्याच्या बुडाच्या चार विटा निखळल्या होत्या. आवाज तिथून येत होता, पण खोलीत ऐकू यायचा तो नेमका भागूच्या भिंतीतून. बारीक, लांबलेला, कुणीतरी हाक मारावी तसा. चतुराबाई जिथं होती तिथंच मटकन खाली बसली. "आले गं बाई, आले," असं तोंडातून निघालं, पण पाय काही उचलेनात.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिनं कानात कापूस कोंबला, रेडिओ मोठा केला, मारुतीचं स्तोत्र म्हटलं. आवाज चालूच. पण त्याच्या पुढच्या दुपारी तो बारीक होत गेला, मधे मधे तुटायला लागला. आवाज होता तेव्हा भीती वाटत होती. आवाज थांबायला लागला तशी त्याहून जास्त वाटायला लागली. एकदा ही बाई अशीच पाठ करून बसली होती आणि पलीकडचं माणूस गेलं होतं. ती तशीच अनवाणी शेजारी पळाली.

शेजारी हमीदाआपा राहायची. एकटा जीव, घरात तीन मांजरं, आणि तोंड असं की गल्लीतले दांडगे बाप्येही तिला वचकून असायचे.

"आपा, बंब्यात कुणीतरी रडतंय. दोन दिस झाले."

"दो दिन? और अब बोलती?" हमीदाआपा उठलीच. बंब्याच्या बुडाशी गुडघे टेकून तिनं भगदाडाला कान लावला. "अगे, ये तो बिल्ली का बच्चा है."

बिल्ली हा शब्द चतुराबाईच्या कानात शिरला आणि तिला पिठावरची पावलं आठवली. तिनं बंब्याला हात टेकवला. हमीदाआपाला वाटलं, म्हातारीला चक्कर आली.

भगदाडातून हात जात होता, पण खाली पोचत नव्हता. दोर कुठं सापडेना. चतुराबाईनं घरातून भागूचं एक लुगडं आणलं, दुरडीला बांधलं आणि दुरडी खाली सोडली. हमीदाआपानं त्यात मटणाचा एक बारका तुकडा ठेवला होता. दोघी श्वास धरून बसल्या. बऱ्याच वेळानं लुगड्याला हलका झोल आला. हळूहळू ओढलं, तर दुरडीत मुठीएवढं पिल्लू. करड्या पट्ट्यांचं, गाळानं माखलेलं, डोळे चिपडांनी मिटलेले. मटणाचा तुकडा तसाच बाजूला पडलेला.

"बघ, शिवलंसुद्धा नाय," चतुराबाई पुटपुटली. "माळकरी होती ती."

"कौन?"

चतुराबाईनं पिठाची सगळी हकिकत सांगितली. हमीदाआपानं पिल्लाचं तोंड बोटानं उघडून आत बघितलं. मग तिनं चतुराबाईच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, पण ते तिनं गिळलं. "पालो," एवढंच म्हणाली. "रुई की बत्ती से दूध देव. बच जाएगा."

पिल्लू वाचलं. कापसाच्या वातीनं दूध पिता पिता आठ दिवसांत ते बशीवर आलं, कोजागिरीपर्यंत घरभर फिरायला लागलं. चतुराबाईनं त्याला मांजरासारखं कधी वागवलंच नाही. ते भागूच्या गोधडीवर निजायचं. भाकरी दुधात कुस्करून आधी त्याला, मग हिला. ती त्याच्याशी बोलायची ती भागूशी बोलल्यासारखी. "भागे, बद्रीचं पोरगं पहिलं आलं वर्गात." "भागे, आज नळाला पाणीच नाय." बायका नळावर हसायच्या. बद्रीनाथ एकदा आला, त्यानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मोठी आई, ते मांजर हाय गं," तो हळूच म्हणाला. चतुराबाई त्याच्यावर वसकन ओरडली, "तुला आईची किंमत नाय!"

पण एक गोष्ट तिला खात होती. पिल्लू तिच्याजवळ येत नव्हतं. हात लावायला गेलं की अंग चोरायचं, डब्यामागं सरकायचं. आणि बसायचं कुठं, तर त्याच कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड आणि तिच्याकडं पाठ करून. मांजराची जातच तशी, कुणीही सांगितलं असतं. पण चतुराबाईला तिथं मांजर दिसतच नव्हतं. तिला दिसायची ती भागूची पाठ. अबोला सुटलाच नव्हता. मेली, जन्म बदलला, तरी भागू अजून बोलत नव्हती.

म्हणून ती रोज दुपारी चहा करायची. आलं ठेचून. अर्धा कप आपल्याला, अर्धा बशीत ओतून पिल्लाच्या पुढं. "घे गं. चूक माझी समज. घोट घे आन् सोड एकदाचा." पिल्लू हुंगायचं, नाक झाडायचं आणि पाठ फिरवायचं. बशीतल्या चहावर साय धरायची. रोज नव्यानं ती दुपार तिच्या अंगावर यायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी ती परत चहा ठेवायची. चहा ठेवला नाही तर तो अबोला जन्मोजन्मीचा होईल, अशी तिच्या मनानं गाठ मारली होती.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी पिल्लानं दूध सोडलं. नाक वाहायला लागलं, डोळे परत चिकटले, छातीत खरखर. ते गोधडीवर भिंतीकडं तोंड करून पडलं आणि उठेचना. चतुराबाई दाराशी उभी होती. तीच जागा, तीच गोधडी, तीच पाठ. ह्या खेपेला मात्र तिनं वाट बघितली नाही. "नाय गं भागे, नाय. अशी नको जाऊस. ह्या वक्ताला मी बसून ऱ्हाणार नाय." तिनं पिल्लाला शालीत गुंडाळलं, कापडी पिशवीत घातलं आणि रस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला. "जनावराच्या दवाखान्यात चल. पळव."

पाणचक्कीच्या पुलावर रिक्षा गचके खायला लागली. चतुराबाईनं पिल्लू पिशवीतून काढून पदराखाली छातीशी धरलं. आणि तिथं, तिच्या हाडकुळ्या छातीला टेकून, ते घुरघुरायला लागलं. आधी जेमतेम, मग चांगलं. डोकं तिच्या काखेत खुपसून.

"बोलली!" चतुराबाई मोठ्यानं म्हणाली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "बोलली रे बाबा, भागू बोलली!"

मग तिचा बांध फुटला. इतके दिवस चहाच्या बशीला जे सांगता आलं नव्हतं ते तिनं पदराखाली सांगून टाकलं. "तू म्हणलीस ना, चव ऱ्हायली नाय म्हणून? खरं म्हणलीस. मला मीठ कळत नाय गं भागे. वरीस झालं, गोड-तिखट कायबी कळत नाय. तुला सांगितलं नाय. म्हणलं, चूल पण तुझीच झाली तर माझं काय उरलं ह्या घरात? पोरगं तुझं, नवरा निम्मा तुझा. चूल तेवढी माझी होती. आन् तू सगळ्यांम्होरं बोलून दाखवलंस. तुझ्यावर राग नव्हता गं. भ्या वाटलं होतं मला." पिल्लू घुरघुरत होतं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोक्यावरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, बोलायला गोड. त्यानं पिल्लाला टेबलावर घेतलं, छाती ऐकली, सुई दिली. "सर्दी छातीत उतरलीय आजी. पण वाचंल. औषध देतो, थेंब थेंब पाजा." मग त्यानं तोंड उघडून बघितलं. "दुधाचे दात पडायला लागलेत की. उपासानं खुरटलंय म्हणून बारकं दिसतंय. चार महिन्यांचं असंल. आखाड-श्रावणातलं पिल्लू हे."

"नाय डॉक्टर. पितरपाटातलं हाय."

डॉक्टर हसला. "पितरपाटात हे चांगलं पळत असंल आजी. दात खोटं नाहीत बोलत."

चतुराबाई बाहेरच्या बाकावर येऊन बसली. श्रावणात भागू काय करत होती? श्रावणात भागूनं नागपंचमीला दिंडं केली होती आणि तोंड भाजून घेतलं होतं. भादव्यात भागू पंगतीत बसून कढीला नावं ठेवत होती. चांगली जिती, खणखणीत. आणि त्याच वेळी हे पिल्लू कुठंतरी आपल्या आईला लुचत होतं. एक जीव दोन ठिकाणी कसा असंल? पीठ, पावलं, बंब्यातली हाक, भिंतीकडची पाठ, सगळं एकाएकी गळून पडलं. मोरीतून शिरलेलं भुकेलं मांजर होतं ते, बद्रीनाथ म्हणाला होता तसं. आणि रिक्षात तिनं काळीज उघडं केलं ते कुणापुढं? भागूला त्यातलं काहीच कळलं नव्हतं, आणि आता कधीच कळणार नव्हतं.

मग भागू कुठं होती? चतुराबाईनं दवाखान्याच्या आवाराकडं बघितलं. एक म्हैस खुंट्याला बांधलेली, दोन शेळ्या, कडुनिंबाखाली ऊन. भागू कुठंच नव्हती.

झाडलोट करणारी बाई म्हणाली, "तुमचं नसंल तर सोडून जा आजी. इथं लई हायेत, जगंल त्यांच्यात."

चतुराबाईनं पिशवी बाकावर ठेवली. तिला त्या जनावराचा राग आला होता. महिना-दीड महिना ह्यानं तिला भागू म्हणवून घेतलं होतं, तिच्या हातचं दूध प्यायलं होतं. ती उठली आणि फाटकाकडं चालायला लागली. मागून पिल्लू ओरडलं. त्या आवाजात आता हाक नव्हती, शाप नव्हता. घाबरलेल्या मांजराचं ओरडणं, तेवढंच. आणि म्हणूनच तिचा पाय अडखळला. भागू असती तर ती ताठ मानेनं निघून गेली असती. भागूशी हट्ट चालायचा, भागू हट्टाला हट्ट द्यायची. ह्या मुक्या जिवाला तिच्या भांडणाचा काय पत्ता? त्यानं कुणाचं काय बिघडवलं होतं? ती मागं फिरली, तिनं पिशवी उचलली. "चल बाबा," ती म्हणाली. "तू दुसरंच कुणी हायेस. चल घरी."

गल्लीत ती शिरली तेव्हा नळाला पाणी आलं होतं, बायकांची घागरींची रांग लागली होती. चतुराबाई कुणाकडं न बघता आपल्या उंबऱ्यापर्यंत आली. कुलूप काढलं. आत गोधडी तशीच पसरलेली, आणि गोधडीवर कुणी नाही. ती उंबऱ्यातच बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि तिनं असा हंबरडा फोडला की नळावरच्या बायकांची रांग मोडली.

"भागेऽऽ! गेलीस गं! मला टाकून गेलीस गं भागे!"

बायका धावत आल्या. "काय झालं? कोण गेलं?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "भागूबाई? अहो, तिला जाऊन दिवाळी झाली की." तिसरी म्हणाली, "म्हातारी खुळी झाली वाटतं. बद्रीनाथला निरोप धाडा." चतुराबाई कपाळ बडवून घेत होती, भागूची एकेक गोष्ट काढून रडत होती. हळदीच्या दिवसाची, बद्रीच्या बाळंतपणाची, नानासाहेबांच्या मागं दोघींनी एका पांघरुणात काढलेल्या हिवाळ्याची. माणूस गेल्याच्या दिवशी रडतात तशी.

हमीदाआपा गर्दी हटवत आली आणि उंबऱ्यात तिच्या शेजारी बसली.

"आपा," चतुराबाई हुंदक्यातून म्हणाली, "हे भागू नाय."

"हौ. मेरे कू मालूम."

"तुला ठावं होतं? मग बोलली का नाहीस?"

"क्या बोलती? तेरे कू कुछ तो पकड़ने कू होना था."

"मग भागू कुठं हाय गं?"

हमीदाआपानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. मागं बायकांची कुजबुज चालूच होती. दिवाळी झाली, तेरावं झालं, आता कसलं रडणं. हमीदाआपानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"उस की भागू आज मरी," ती म्हणाली. "बैठना है तो बैठो, नै तो अपना पानी भरने कू जाव."

मग एकीनं घागर भिंतीशी ठेवली, डोक्यावरून पदर घेतला आणि ती उंबऱ्याखाली मातीत बसली. तिच्या मागून दुसरी बसली. नळाचं पाणी वाहून चाललं होतं, पण ते बंद करायला कुणी उठलं नाही. पिशवीतून पिल्लानं डोकं बाहेर काढलं, एवढी माणसं बघून ते बावरलं आणि चतुराबाईच्या मांडीत आणखी आत शिरलं. तिनं त्याच्यावर हात ठेवला आणि ती रडत राहिली.